विंडोजचे गेम लिनक्सवर: सोलापूरच्या नवख्या वापरकर्त्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (सपोर्ट) संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा चिप अधिकृतपणे आवश्यक असल्यामुळे सोलापुरातल्या अनेक घरांतले, अजून उत्तम चालणारे संगणक मायक्रोसॉफ्टच्या यादीबाहेर गेले. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी घेतलेला लॅपटॉप असो किंवा एखाद्या कचेरीतून निघालेला, स्वस्तात मिळालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप असो, अशा यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकावी असे आता पुष्कळांच्या मनात येते. त्यातल्या तरुण मंडळींचा पहिला प्रश्न बहुधा गेमचाच असतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळणारे, एकट्याने खेळायचे बहुतेक विंडोज गेम आज लिनक्सवर चालतात. मात्र आपला गेम चालेल की नाही, हे लिनक्सची कोणती आवृत्ती टाकली यावर फारसे अवलंबून नसते. तो गेम कोणता आहे आणि संगणकातली ग्राफिक्स चिप कोणती आहे, या दोन गोष्टींवर सारे ठरते. म्हणूनच या लेखात लिनक्स इन्स्टॉल करण्याची पायरी बरीच उशिरा येते, आणि वाचकांनीही ती घाईने आधी करू नये.

हे चालते कसे

विंडोजसाठी लिहिलेला गेम चालू असताना विंडोजकडे सतत काही ना काही मागत असतो: अमुक फाइल उघडून दे, हा आवाज वाजव, माउस कुठे आहे ते सांग. लिनक्सवर या मागण्या ऐकायला विंडोज नसते. ते काम वाइन नावाचा मुक्त प्रकल्प १९९३ पासून करत आला आहे. सोलापूरच्या बाजारात तेलुगू व्यापारी आणि कन्नड गिऱ्हाईक यांचा सौदा दोन्ही भाषा जाणणाऱ्या एखाद्या माणसामुळे जसा न अडता पार पडतो, तसे वाइन गेमच्या मागण्या लिनक्सला समजतील अशा रूपात पुढे पाठवते. यात संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा केलेला नसतो, त्यामुळे वेग फारसा घटत नाही.

गेमच्या बाबतीत खरी अडचण ग्राफिक्सची होती. विंडोजचे गेम चित्र काढण्यासाठी डायरेक्ट३डी ही पद्धत वापरतात आणि ती लिनक्सवर नसते. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी, कोणत्याही प्रणालीवर चालणारी पद्धत आली. त्यानंतर डायरेक्ट३डीच्या ९ ते ११ या आवृत्त्यांचे व्हल्कनमध्ये रूपांतर करणारे डीएक्सव्हीके आणि १२ व्या आवृत्तीसाठीचे व्हीकेडी३डी-प्रोटॉन ही साधने तयार झाली. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने वाइन, ही साधने आणि स्वतःच्या काही दुरुस्त्या एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये प्रोटॉन प्रसिद्ध केले. फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आलेले स्टीम डेक हे हातातले यंत्र लिनक्सवर आणि याच प्रोटॉनवर चालते. गेम बनवणाऱ्या कंपन्या आता प्रोटॉनकडे लक्ष देतात, त्याचे मोठे कारण हे यंत्र आहे. त्याचा फायदा आपल्या टेबलावरच्या साध्या संगणकालाही मिळतो.

आधी गेमची यादी

आपण प्रत्यक्षात कोणते गेम खेळतो ते एका कागदावर लिहून काढावे. कधीतरी खेळू म्हणून विकत घेऊन ठेवलेले गेम यात धरू नयेत. मग प्रत्येक नाव प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर शोधावे. जगभरातले वापरकर्ते तिथे आपापले अनुभव नोंदवतात आणि त्यांवरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ किंवा बोर्क्ड अशी श्रेणी मिळते. प्लॅटिनम म्हणजे काहीही न बदलता चालणारा आणि बोर्क्ड म्हणजे मुळीच न चालणारा. श्रेणीपेक्षा खालच्या ताज्या नोंदी अधिक कामाच्या असतात. आपल्यासारखेच ग्राफिक्स कार्ड असलेल्या माणसाने गेल्या काही महिन्यांत काय लिहिले आहे ते वाचावे, कारण तीन वर्षांपूर्वीची तक्रार एव्हाना बहुधा मिटलेली असते.

या यादीत एक वर्ग असा निघेल, ज्याच्या बाबतीत कोणतीही खटपट उपयोगी पडत नाही. ऑनलाइन स्पर्धेच्या गेममध्ये फसवणूक पकडण्यासाठी अँटी-चीट नावाचा पहारेकरी प्रोग्राम असतो आणि त्यांतले काही प्रोग्राम विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतात. व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड हे याचे ठळक उदाहरण असून मे २०२४ पासून तेच लीग ऑफ लेजेंड्सलाही जोडले गेले आहे. फोर्टनाइट, पबजी, रेनबो सिक्स सीज, कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग आणि ईए कंपनीचे फुटबॉलचे नवे गेम लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजेंड्स पूर्वी चालत असे. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस कंपनीने लिनक्सचा प्रवेश बंद केला. जीटीए ५ ची कथा लिनक्सवर निर्वेध खेळता येते, पण त्याच्या ऑनलाइन भागात सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय हे अँटी-चीट आल्यापासून तो भाग अडला आहे. यात तांत्रिक अशक्यतेपेक्षा कंपनीच्या निर्णयाचा वाटा मोठा आहे. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन्ही प्रणालींनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी सोय करून दिली होती, पण ती सुरू करायची की नाही हे प्रत्येक गेमची कंपनी ठरवते. एल्डन रिंगने ती सुरू केली आणि म्हणून तो ऑनलाइनसुद्धा चालतो.

तेव्हा मित्रांच्या गटाबरोबर रोज संध्याकाळी व्हॅलोरंट खेळणे हाच आपला मुख्य उद्योग असेल, तर विंडोज काढू नये. फार तर दोन्ही प्रणाली शेजारी ठेवाव्यात. फोनवरचे बीजीएमआय किंवा फ्री फायर मोठ्या पडद्यावर खेळण्यासाठी ब्लूस्टॅक्स वापरणाऱ्यांनीही हे आधीच जाणून घ्यावे की ब्लूस्टॅक्सची लिनक्स आवृत्ती नाही. उलट काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ हे व्हॉल्व्हचेच गेम लिनक्ससाठी वेगळे बनवलेले आहेत आणि माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही लिनक्सवर थेट चालते.

मग ग्राफिक्स कार्ड

ही पायरी सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ घालवू. डीएक्सव्हीकेच्या नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून ग्राफिक्स चिपला आणि तिच्या ड्रायव्हरला, म्हणजे ती चिप चालवणाऱ्या प्रोग्रामला, व्हल्कन १.३ येणे अनिवार्य झाले आहे. प्रोटॉन ८ आणि त्यापुढच्या सर्व आवृत्त्या यावरच उभ्या आहेत. चिप जुनी असेल, तर गेम हळू चालतो असे घडत नाही. तो बहुतेक वेळा उघडतच नाही, आणि नवखा वापरकर्ता लिनक्सला दोष देऊन मोकळा होतो.

सोलापुरात स्वस्तात मिळणारे रिफर्बिश्ड डेस्कटॉप पाहिले, तर त्यांत इंटेलच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ प्रोसेसर सर्रास असतात. कागदपत्रे, शिकवण्या, यूट्यूब यांसाठी ते आजही पुरेसे आहेत. परंतु त्यांच्यातल्या अंगभूत ग्राफिक्सला व्हल्कन १.३ मिळत नाही. अशा यंत्रावर लिनक्स छान चालेल, विंडोजचे नवे गेम मात्र चालणार नाहीत. सहाव्या पिढीपासून पुढच्या इंटेल ग्राफिक्सला व्हल्कनची अडचण नाही. तिथे मर्यादा फक्त ताकदीची आहे आणि जुने किंवा हलके गेम तिथे समाधानकारक खेळता येतात. एएमडीच्या रायझन प्रोसेसरमधले अंगभूत वेगा ग्राफिक्स याहून बरेच सरस आहे.

जुन्या डेस्कटॉपमध्ये कार्ड बसवायचे असेल, तर खरेदीच्या वेळी सावध राहावे. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही एनव्हिडियाची कार्डे खोक्यात, नवी कोरी, आजही विकली जातात आणि 'दोन जीबीचे ग्राफिक्स कार्ड' एवढ्या वर्णनावर ती लोकांच्या गळ्यात पडतात. ती केप्लर किंवा त्याहून जुन्या रचनेची आहेत. एनव्हिडियाने केप्लरसाठीचा ड्रायव्हर ४७० या मालिकेवर थांबवला आणि तो व्हल्कन १.३ देत नाही. असे कार्ड आधीच घरात असेल, तर स्टीममध्ये प्रोटॉनची ७.० ही जुनी आवृत्ती निवडून काही गेम चालवता येतात. नव्याने मात्र ते घेऊ नये. लहान आकाराच्या कॅबिनेटमध्ये जीटीएक्स १६५० ची लो-प्रोफाइल आवृत्ती चांगली बसते. तिच्या ज्या नमुन्याला वेगळी वीजजोडणी लागत नाही तोच पाहून घ्यावा, कारण कचेरीच्या कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय बेताचा असतो आणि त्याला जास्तीची वायर बहुधा नसते. पैशाचा प्रश्न नसेल आणि नवे यंत्रच जुळवायचे असेल, तर लिनक्ससाठी माझी पसंती एएमडीच्या कार्डाला आहे. त्याचा ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतो आणि इन्स्टॉल करावा लागत नाही.

लिनक्स मिंट टाकणे

गेमसाठी खास म्हणवणाऱ्या लिनक्सच्या आवृत्त्या अनेक आहेत. त्यांच्यातल्या फरकांवर तासन्‌तास वाद होतात. नवख्याने त्यात पडू नये आणि लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. मिंटची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम चारच जीबी असेल, तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. पण चार जीबीत आजचे मोठे गेम खेळण्याची अपेक्षा ठेवू नये.

मिंटच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (इन्स्टॉल करण्याची एकसंध प्रत) उतरवून ती रूफस या प्रोग्रामने आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिहावी. पेन ड्राइव्हवर आधी असलेले सारे पुसले जाते. विंडोज शेजारी ठेवायचे असेल, तर त्याआधी विंडोजमध्ये तीन कामे उरकावीत: महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, पॉवर ऑप्शन्समधले फास्ट स्टार्टअप बंद करावे, आणि डिस्क कुलूपबंद करणारे बिटलॉकर सुरू आहे का ते पाहून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. ही की हाताशी नसली, तर बायोसमधल्या, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधल्या, एखाद्या साध्या बदलानंतरही विंडोज आपल्याच मालकाला दार उघडत नाही. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करताना डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ दाबत राहावे आणि यादीतून पेन ड्राइव्ह निवडावा.

मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालू होते, डिस्कला हात न लावता. या अवस्थेत वायफाय, आवाज आणि ब्लूटूथ तपासून घ्यावे. रिफर्बिश्ड डेस्कटॉपमध्ये बहुधा वायफाय नसते. तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू केले, की मिंटला इंटरनेट मिळते. सारे ठीक दिसले की डेस्कटॉपवरचे इन्स्टॉलचे चिन्ह उघडावे, मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करावी आणि डिस्कच्या पानावर नीट वाचून निवड करावी. विंडोजच्या शेजारी बसवण्याचा पर्याय वेगळा आणि संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय वेगळा असतो. हे काम चालू असताना वीज गेली तर डिस्कवरची विभागणी अर्धवट राहू शकते. म्हणून उन्हाळ्यात किंवा वळवाच्या दिवसांत डेस्कटॉप यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर असल्याखेरीज याला हात घालू नये.

ड्रायव्हर

पहिल्यांदा मिंट सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर उघडून सर्व अपडेट घ्यावेत. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सला आणखी काही करावे लागत नाही. एनव्हिडियाचे कार्ड असेल, तर मेनूमधून ड्रायव्हर मॅनेजर उघडावे, ज्या ओळीपुढे रेकमेंडेड असे लिहिले आहे ती निवडावी आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवून बसवण्याची विंडोजची सवय इथे सोडावी. तसे केल्यास पुढच्या कर्नल अपडेटला पडदा काळा होण्याची शक्यता असते.

सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्राम संगणक सुरू होतानाच अडवणारी सोय, चालू असेल, तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर एनरोल एमओके हा पर्याय येतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. घाईत हा पडदा पुढे ढकलला, तर ड्रायव्हर बसलेला दिसतो पण चालत नाही. बायोसमधून सिक्युअर बूट बंद करणे हा सोपा मार्ग आहे. मात्र शेजारच्या विंडोज ११ मध्ये व्हॅलोरंट खेळायचे असेल, तर तो गेम सिक्युअर बूट चालू असण्याचा आग्रह धरतो. अशांनी एमओकेचाच मार्ग घ्यावा.

ड्रायव्हर लागला की नाही ते सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये ग्राफिक्सच्या ओळीत पाहावे. तिथे आपल्या कार्डाऐवजी एलएलव्हीएमपाइप हे नाव दिसले, तर चित्रे काढण्याचे काम प्रोसेसरच करत आहे आणि त्या स्थितीत कोणताही गेम धड चालणार नाही. इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन्ही चिप असलेल्या लॅपटॉपवर खालच्या पट्टीत एनव्हिडियाचे चिन्ह येते. गेम खेळताना तिथून परफॉर्मन्स मोड निवडावा.

स्टीम आणि प्रोटॉन

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये स्टीम शोधल्यावर कधी दोन पर्याय दिसतात, एक सिस्टिम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, म्हणजे बाकीच्या प्रणालीपासून वेगळ्या कप्प्यात चालणारे पॅकेज. सिस्टिम पॅकेज निवडावे. फ्लॅटपॅकचे स्टीम वाईट नाही, पण दुसऱ्या डिस्कवरचे गेम त्याला दाखवताना वेगळी परवानगी द्यावी लागते आणि नवख्याची तिथे दमछाक होते.

स्टीममध्ये लॉग-इन केल्यावर सेटिंग्जमधला कम्पॅटिबिलिटी हा भाग उघडावा. पूर्वी इथे सर्व गेमसाठी स्टीम प्ले सुरू करण्याची खूण स्वतः करावी लागत असे. अलीकडच्या आवृत्तीत ते आपोआप सुरू असते, तरी एकदा खात्री करून घ्यावी. याच ठिकाणी कोणते प्रोटॉन वापरायचे ते ठरवता येते. जे आपोआप निवडलेले असते त्यालाच आरंभी हात लावू नये. आता लायब्ररीतला एखादा लहान गेम निवडून विंडोजप्रमाणेच इन्स्टॉल करावा. पहिल्याच दिवशी शंभर जीबीचा गेम उतरवायला लावून रात्रभर वाट पाहण्यापेक्षा एक-दोन जीबीच्या गेमवर सगळी साखळी नीट जुळली आहे का ते पाहणे शहाणपणाचे आहे.

गेम सुरू करताना 'प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स' अशी पट्टी सरकताना दिसते. प्रकाश, सावल्या आणि पृष्ठभाग यांचे छोटे प्रोग्राम आपल्या कार्डासाठी आधीच तयार करून ठेवण्याचे हे काम असते. पहिल्या वेळी आणि ड्रायव्हर बदलल्यावर याला वेळ लागतो. ते वगळता येते, पण मग खेळताना मधूनमधून झटके बसतात.

ज्या गेमची लिनक्स आवृत्ती आहे तो गेम स्टीम प्रोटॉनशिवाय चालवते. काही कंपन्यांनी अशी आवृत्ती एकदा काढून पुढे तिच्याकडे पाहिलेले नसते, आणि विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमधून अधिक चांगली चालते. गेमवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी उघडले, की त्या एका गेमपुरते प्रोटॉन सक्तीचे करता येते.

नवा गेम विकत घेणाऱ्यांसाठी एक सोय लक्षात ठेवण्याजोगी आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम स्टीमवर परत करता येतो. प्रोटॉनडीबीवर श्रेणी संशयास्पद असेल, तर घेतल्याबरोबर तो आपल्या यंत्रावर चालवून पाहावा आणि अडला तर परत करावा.

गेम ठेवायचे कुठे

विंडोजच्या डी ड्राइव्हवर आधीच गेम पडलेले आहेत, तेच लिनक्समधून चालवावेत, अशी युक्ती प्रत्येकाला सुचते. ती टाळावी. तो ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीचा असतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटे बनावट विंडोज तयार करते, त्यात सी ड्राइव्हसुद्धा असतो, आणि त्यातली विसर्गासारखे चिन्ह असलेली नावे विंडोजच्या दृष्टीने अवैध ठरतात. परिणामी कधी गेम उघडत नाही, तर कधी विंडोज पुढच्या वेळी डिस्क तपासण्याचा हट्ट धरते. लिनक्ससाठी ईएक्सटी४ पद्धतीचा स्वतंत्र भाग ठेवावा, शक्यतो एसएसडीवर, आणि स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये तो जोडावा.

म्हणजे सारे गेम पुन्हा उतरवायचे का? तसे मुळीच नाही. स्टीमने २०२३ मध्ये घरातल्या नेटवर्कवरून गेम एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय आणली. सेटिंग्जमध्ये डाउनलोड्स या भागात ती सुरू करता येते. भावाच्या किंवा वसतिगृहातल्या मित्राच्या विंडोज संगणकावर तोच गेम असेल आणि दोघे एकाच राउटरवर स्टीम उघडून बसले असतील, तर परवानगी मित्रांसाठी खुली करून गेमच्या फाइली थेट घेता येतात. प्रोटॉनला विंडोजच्याच फाइली लागत असल्यामुळे समोर विंडोज असण्याची अडचण येत नाही. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर दिवस काढणाऱ्याला याचे मोल सांगायला नको.

गेम उघडला नाही तर

क्रम पाळावा, एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी गेम सुरू करून पाहावा. प्रथम गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड फाइल्स या भागातून फाइली तपासून घ्याव्यात, कारण अर्धवट उतरलेली फाइल हे कारण वाटते त्यापेक्षा जास्त वेळा निघते. मग कम्पॅटिबिलिटीमध्ये प्रोटॉन एक्स्पेरिमेंटल निवडावे. त्यानेही भागले नाही, तर अंक असलेली त्याआधीची आवृत्ती निवडावी. जुने गेम कधीकधी जुन्या प्रोटॉनवरच अधिक खूष असतात. गेम उघडतो पण मधले व्हिडिओ दिसत नाहीत, त्यांच्या जागी रंगीत पट्टे येतात, अशी तक्रार असेल, तर जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांनी वाढवलेली आवृत्ती उपयोगी पडते. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून प्रोटॉनअप-क्यूटी बसवावे, त्यातून जीई-प्रोटॉन उतरवावे आणि स्टीम बंद करून पुन्हा उघडावे. ते यादीत दिसू लागते.

शेवटचा उपाय त्या गेमचे बनावट विंडोज पुसून नवे होऊ देण्याचा आहे. गेमवर उजवी क्लिक करून त्याच्या फाइली उघडाव्यात आणि तिथून दोन फोल्डर वर जावे. कॉम्पॅटडेटा नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात प्रत्येक गेमचा क्रमांक असलेला एकेक फोल्डर असतो. स्टीमच्या दुकानातल्या गेमच्या पत्त्यात जो क्रमांक दिसतो, तोच हा. तो फोल्डर दुसरीकडे हलवून ठेवावा, एकदम डिलीट करू नये, कारण ज्या गेमला क्लाउडची सोय नाही त्याचे सेव्ह त्याच्या आतच असतात.

लाँच ऑप्शन्सच्या चौकटीत लांबलचक ओळी चिकटवण्याचे सल्ले इंटरनेटवर पदोपदी मिळतात. काही खरोखर उपयोगी असतात, पण त्यांतले पुष्कळसे अशा अडचणींसाठी आहेत ज्या प्रोटॉनने केव्हाच सोडवल्या. ओळ काय करते हे कळल्याशिवाय ती चिकटवू नये.

ऊन आणि कापसाचे तंतू

गेम चांगला सुरू होतो आणि वीस मिनिटांनी अडखळू लागतो, ही तक्रार एप्रिल-मेमध्ये ऐकू आली, तर प्रोटॉन बदलत बसू नये. खोलीतच ४० अंशांच्या आसपास तापमान असताना लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो आणि विंडोजवरही तो तेच करतो. पूर्व भागात जिथे घराला लागूनच यंत्रमाग चालतात, तिथे कापसाचे बारीक तंतू पंख्याच्या जाळीत नमद्यासारखे साचतात. संगणक बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ते ब्रशने काढावेत. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये इन गेम या भागात एफपीएस, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची संख्या, दाखवण्याची सोय आहे. ती लावून पाहावे आणि गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एफपीएसची मर्यादा ६० किंवा त्याखाली आणावी. कार्ड मोकाट पळत नाही म्हणून तापतही कमी आहे, हे पंख्याच्या आवाजावरूनच कळते.

स्टीमबाहेरचे गेम

एपिक आणि जीओजी या दुकानांचे स्वतःचे प्रोग्राम लिनक्ससाठी नाहीत. त्यांच्यासाठी हिरोइक गेम्स लाँचर बसवावा, त्यात आपल्या खात्याने लॉग-इन करावे, त्याच्या वाइन मॅनेजरमधून जीई-प्रोटॉनची ताजी आवृत्ती उतरवावी आणि गेम इन्स्टॉल करताना तीच निवडावी. एपिकवर फुकट वाटलेले गेम अशा रीतीने वाया जात नाहीत. अँटी-चीटचा नियम मात्र इथेही तोच आहे.

कपाटातल्या जुन्या सीडीवरच्या गेमसाठी ल्युट्रिस किंवा बॉटल्स हा वाइन वापरणारा प्रोग्राम घ्यावा. बॉटल्समध्ये गेमिंग प्रकारची नवी बाटली तयार करावी, तिच्यात सीडीवरची सेटअप फाइल चालवावी आणि इन्स्टॉल झालेला प्रोग्राम यादीत जोडावा. विंडोज एक्स्पीच्या काळातले काही गेम तर विंडोज ११ पेक्षा वाइनवर अधिक सरळपणे उघडतात. अपवाद सीडीची नक्कल रोखणारी संरक्षणे असलेल्या गेमचा.

पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या क्रॅक केलेल्या गेमबाबत मात्र जपून राहावे. लिनक्सवर व्हायरस येत नाही या समजुतीने ते बिनधास्त चालवले जातात. वाइन संपूर्ण लिनक्स डिस्क झेड ड्राइव्ह म्हणून त्या प्रोग्रामला दाखवते. त्यामुळे गेमबरोबर आलेला फाइली कुलूपबंद करणारा विंडोजचा प्रोग्राम आपल्या होम फोल्डरमधले फोटो आणि प्रोजेक्टचे अहवाल तितक्याच सहजपणे बिघडवू शकतो. अनोळखी सेटअप फाइल चालवावीच लागली, तर फ्लॅटपॅकच्या बॉटल्समध्ये चालवावी. होम फोल्डरची परवानगी आपण स्वतः दिल्याशिवाय तिथून आपल्या फाइलींपर्यंत सहसा पोहोचता येत नाही.